दुकानाची मान

आमची सुलूमावशी मान खाली घालत नाही. गर्व वगैरे काही नाही, मानेला वळ्या पडतात म्हणून. भाजीवाल्याला ती टोपली डोळ्यांसमोर उचलून धरायला लावते. होकार द्यायचा तर मान न हलवता जोरात "हो!" म्हणते. मुलुंडला आमची दारं समोरासमोर. माझ्या मांजराच्या शेपटीवर तिचा पाय दोनदा पडला, वर मलाच ओरडली, "मेल्या, मांजर वर ठेव ना!"

मावशी घाटकोपरला एका सोन्याच्या दुकानात कामाला होती. दुकान तेव्हा एवढंसं. एकदा एक बाई हार घेऊ की नको करत बसल्या होत्या. शेठनी तो मावशीच्या गळ्यात घालून दाखवला. बाईंनी हार घेतला, वर कुड्याही घेतल्या. झालं! शेठनी प्लास्टिकचे पुतळे माळ्यावर टाकले आणि जो तो दागिना मावशीच्या गळ्यात चढायला लागला.

"पितळेची साखळीपण खपली असती रे माझ्या गळ्यात!"

दुकानाचे तीन मजले झाले. दारात कारंजं आलं, गिऱ्हाइकांना केशरी दूध मिळू लागलं. शेठची मावशीला ताकीद होती, जड पिशवी उचलायची नाही, भांडायचं नाही. भांडताना मानेच्या शिरा फुगतात.

"नवऱ्याशीपण भांडले नाही. बिचाऱ्याला वाटलं, मी सुधारले!"

मग शेठना वांद्र्याची हौस आली. तिथे त्यांनी राजवाडाच उभा केला, दारात तुतारीवाला. लोक येत, एसीत बसत, दूध पीत, सेल्फी काढत आणि जात. वांद्र्याचं दुकान बुडालं ते घाटकोपरचं घेऊनच. आता तिथे पिझ्झा मिळतो.

"पार वाट लागली," मावशी सांगते, "पण तुतारी झकास वाजवायचा हां!"

दर गुरुवारी मावशी नटूनथटून निघते. कुठे, तर म्हणे देवळात. परवा तिचा गुडघा दुखत होता, म्हणून मीही रिक्षात बसलो. देऊळ मागे गेलं तरी मावशीने रिक्षा थांबवली नाही. रिक्षा थांबली ती घाटकोपरला, एका जुन्या इमारतीपाशी. शेठच्या सुनेने दार उघडलं.

"बरं झालं आलात. सकाळपासून एक शब्द नाही बोलले, घासही नाही घेतला."

शेठ खिडकीपाशी बसले होते. मावशीने पर्समधून स्टेशनबाहेर घेतलेली खोट्या मोत्यांची माळ काढली, त्यांच्या हातात दिली आणि पाठ करून पुढ्यात बसली.

"शेठ, जरा घालून बघा ना."

शेठनी माळ तिच्या गळ्याभोवती धरली. फासा लागेना. सून मदतीला पुढे झाली, तशी मावशीने तिला हातानेच थांबवलं. बऱ्याच वेळाने फासा लागला. शेठ उठले, हळूहळू समोर आले आणि डोळे बारीक करून बघत राहिले.

"सुलू, ही गिऱ्हाइकाला दाखवू नको," ते म्हणाले. "मोत्यात पाणी नाही. पुढच्या गुरुवारी नवा माल येतोय. येशील ना?"

"येईन की, शेठ," मावशी म्हणाली. "मी नाही आले तर घालणार कोणाला?"

शेठ हसले. सून पटकन आत गेली आणि ताट वाढून घेऊन आली.