वन्संबाईंनीं वेतनाची पायरी सर केली त्या मोहिमेची हकीकत

चित्त देऊन ऐकावें. जें घडलें तेंच लिहिलें आहे, पदरचें कांहीं घातलें नाहीं. ज्यांस पगारवाढीची तारीख तोंडपाठ आहे त्यांस ही हकीकत खरी वाटेल, इतरांस थट्टा वाटेल, त्यास इलाज नाहीं.

जमीनमोजणीच्या सरकारी दफ्तरीं एक वन्संबाई नांदत होत्या. लग्न केलें नव्हतें, धाकटे बंधू आणि त्यांची बायको यांजसह एका घरीं राहात, आणि भावजय 'वन्सं' म्हणे म्हणून सारें दफ्तरही तेंच म्हणूं लागलें. कारकुनीच्या पायदळांत भरती होऊन, खिडकीपाशीं बसून, बांधावरून भांडत आलेल्यांची तोंडें सोसून, बावीस वर्षें झुंजल्यावर त्यांस पर्यवेक्षकपदाची मनसब बहाल झाली, आणि फिरती खुर्ची मिळाली, ती डावीकडे कलत असे, तरी वन्संबाई तीवर ताठ बसत. मग त्याच पदावर परीक्षेच्या वाटेनें थेट भरती निघाली, आणि तींत खुद्द भावजय, जिणें सारा अभ्यास वन्संबाईंच्याच टेबलाशीं बसून, त्यांच्याच शिकवणीनें केला होता, ती फत्ते पावून दाखल झाली. वन्संबाईंनीं दफ्तरभर गोड वाटलें.

मग पहिल्या पगाराचे दिवशीं आकाश कोसळलें. पद एक, काम एक, आणि भावजयीचा पगार जास्त! कारण थेट येणारांस त्या पदाचा आरंभींचा पगार मुक्रर होता, आणि खालून चढून येणारांस जुन्या पगारावर एक वाढ देऊन बोळवण होती. घरांत थोरली, दफ्तरांत ज्येष्ठ, आणि पगारांत धाकटी, ऐसी वन्संबाईंची त्रेधा झाली.

तेव्हां त्यांणीं कोणाशीं मसलत न करतां अर्ज लिहिला आणि लेखाधिकारी यांजकडे रवाना केला. लेखाधिकारी म्हणजे आंकड्यांच्या गडाचे किल्लेदार, डबा खातांनाही नियमांचें पुस्तक समोर उघडें. त्यांणीं फर्मान काढिलें कीं, ज्येष्ठाचा पगार कनिष्ठाच्या बरोबरीस आणतां येईल, मात्र 'मी अर्जदारापेक्षां कनिष्ठ आहें आणि मला पगार जास्त आहे' ऐसें त्या कनिष्ठानें राजीखुषीनें लिहून द्यावें.

ही खबर थेट भरतीवाल्यांच्या गोटांत पोहोंचली आणि त्यांणीं भावजयीस गांठून बजाविलें कीं, लिहून दिलेंस तर पुढील बढतीचे वेळीं हाच कागद आडवा येईल. मग भावजय गप्प झाली, आणि वन्संबाई मानी, त्याही गप्प झाल्या, आणि घरांत दोन छावण्या पडल्या. बंधुराज मधल्या मुलुखींची रयत, दोहींकडून तुडविले गेले. जेवतांना मीठ मागणें झालें तरी वकिली त्यांणींच करावी.

पुढें एके रविवारीं सकाळीं वन्संबाई मटार सोलावयास बसल्या, आणि भावजय न बोलावितां समोर येऊन बसली आणि सोलूं लागली.

"वन्सं, अर्ज करण्याआधी मला एकदा विचारलंत?"

"काय विचारायचं? तुझा पगार मला बोचतो, असं?"

"असंच. नापास व्हायची भीती वाटते हे मी नव्हतं तुम्हाला सांगितलं?"

वन्संबाईंनीं हातची शेंग न सोलतांच खालीं ठेविली. ऐसा प्रसंग पूर्वीं कधीं आला नव्हता.

"बोचतो गं," त्या म्हणाल्या. "फार बोचतो. तू पास झालीस तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. आणि तुझा पगार ऐकून जेवण गेलं नाही. दोन्ही खरं आहे."

"आणि बढतीच्या वेळी मी मागे पडले तर?"

"मी भांडेन तुझ्या बाजूने."

"कोणाशी? तुमच्याशीच?"

"माझ्याशीच. मी काही कमी आहे का भांडायला!"

भावजय खुदकन हंसली, आणि बंधुराजांनीं दाराआडून सुटकेचा निश्वास टाकिला तो दोघींसही ऐकूं आला. मग भावजयीनें हात पुसून, मागितलें तैसें, एक अक्षर न वगळतां लिहून दिलें.

यथावकाश आज्ञापत्र सुटलें. वन्संबाईंनीं तें घरीं आणून, चष्मा पुसून, उभ्यानें वाचिलें कीं, ज्येष्ठ पर्यवेक्षक यांचें वेतन कनिष्ठ पर्यवेक्षक यांच्या बरोबरीस आणण्यांत येत आहे. पुन्हा वाचिलें. मग खालीं बसल्या.

"काय झालं, वन्सं?"

"बरोबरीस, म्हणे. माझी इतकी वर्षं, आणि तुझे हे सहा महिने. बरोबर!"

भावजय कागद पाहूं लागली. तों वन्संबाईंस आधीं खोकल्यासारखें कांहींसें आलें आणि मग जें हसूं फुटलें तें आवरेना, डोळ्यांस पाणी आलें, आणि तें कशाचें होतें हें कोणीं विचारलें नाहीं.

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते होऊन ज्येष्ठ आणि कनिष्ठ एका पायरीवर आल्या. त्या संध्याकाळीं चहा थोरलीनें केला आणि धाकटीस बसल्या जागीं नेऊन दिला. हें त्या घरीं प्रथमच घडलें, सबब नोंदविलें असे.