गुरुजींची थांबायची वर्गणी

दिनकर गुरुजी माणसाला नावानं ओळखत नसत, पट्टीनं ओळखत. पेटीची पट्टी. धसईजवळच्या आमच्या गावच्या शाळेत ते बदलून आले आणि माझ्या पडवीतली खोली त्यांनी भाड्यानं घेतली. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "गुरुजी, चहा घेता काय?" डोळे मिटून म्हणाले, "काकी, तुमचा आवाज काळी एक. पुरुषाची पट्टी."

मी म्हटलं, "मग चहा पुरुषानं करावा काय?"

तेव्हापासून दूधवाला त्यांच्यासाठी पांढरी पाच, पोस्टमन काळी दोन. सरपंचांची पट्टी कोणी विचारली तर म्हणत, "त्यांना ठरावीक पट्टी नाही. फायदा असेल तिथं लागतात." बोलता बोलता अडले की एकच वाक्य टाकायचे, "सूर धरा, बाकी सोडा." एकदा मयताला जाऊनही हेच म्हणाले. मयताच्या घरचे अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

शाळेत निम्मी पोरं कातकरवाडीची. पुस्तकातली मराठी त्यांच्या घरात कोणी बोलत नाही. म्हणून ती वर्गात गप्प बसतात आणि बाकीचे त्यांना मठ्ठ म्हणतात. मीही म्हणायचे, खोटं कशाला सांगू. गुरुजींच्या डोक्यात आलं, या पोरांच्या बोलीत गोष्टींचं पुस्तक छापायचं. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी गोष्टी सांगायच्या, गुरुजींनी लिहायच्या. खर्चासाठी शाळेतल्या पोरापोरींचं गाणं ठेवायचं. आणि पुस्तक येत्या दिवाळीपर्यंत हवंच, कारण दिवाळी झाली की वीटभट्टीचे ट्रक येतात आणि सगळी वाडी रिकामी होते. मग पोरं दिसतात ती थेट पावसाच्या तोंडावर, शिकलेलं सगळं विसरून.

मी विचारलं, "तुमचं त्यांच्यात कोण हाय? एवढी घाई कशापायी?"

"सूर धरा काकी, बाकी सोडा." आणि पेटी पुसायला बसले.

वैशाखात हळदी सुरू झाल्या. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. बेंजो, नाच, मटण, सगळं हळदीला. अशा मांडवात गुरुजी आठ पोरं आणि पेटी घेऊन गेले. पोरींना सांभाळायला मीही गेले. पोरांनी दोन गाणी गायली, लोकांनी पाचदहा रुपये टाकले. मग गुरुजी म्हणाले, आता मी थोडं गातो. एकच 'आ' त्यांनी दहा मिनिटं लावून धरला. नवऱ्याच्या अंगावरची हळद वाळली. बेंजोवाले बिड्या ओढायला बाहेर गेले. शेवटी नवऱ्याचा मामा उठला, पेटीवर शंभराची नोट ठेवली आणि हात जोडून म्हणाला, "झ्याक झालं गुरुजी. आता थांबा."

गुरुजी थांबले. घरी येताना नोट खिशात चाचपत म्हणाले, "काकी, लोकांना गाण्याची कदर नाही म्हणतात. पण थांबण्याची केवढी आहे बघा!"

दुसऱ्याला लाज वाटली असती. यांनी धंदा केला. मुरबाडपर्यंत त्यांची कीर्ती गेली. कोणाकडे हळद ठरली की घरचा माणूस आधीच येऊन थांबायची वर्गणी देऊन जाई. एका घरानं तर दोन्ही मुलांची एकदम दिली. वर विचारलं, "नक्की नाय ना येणार?"

पावसात गोष्टी लिहून झाल्या. तालुक्याहून एक साहेब शाळा तपासायला आले. त्यांनी वही चाळली आणि नाक मुरडलं. "यात पोरं उंदीर धरून भाजून खातात. बरं दिसत नाही. उंदीर काढा, ससा घाला."

गुरुजी म्हणाले, "साहेब, तुमच्या पुस्तकातली पोरं केक खातात. वाडीतल्या पोरांनी तो बघितलासुद्धा नाही. त्यांनी कधी तक्रार केली काय?"

साहेब जीपमध्ये जाऊन बसले. उंदीर राहिला.

तरी छपाईला कमी पडत होतं. तेव्हा अण्णा पुढे आले. अण्णा म्हणजे आमच्या गावचे जमिनीचे दलाल. लोकांची शेतं मुंबईवाल्यांना विकून गबर झालेले. आमच्याकडे देणगीला नाव चिकटलंच पाहिजे. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नावं आहेत, पंखा चालू केला की सगळे देणगीदार गरागरा फिरतात. अण्णा म्हणाले, "पैसा लागंल तेवढा देतो. फक्त पुस्तकावर माझा फोटो पायजे. गॉगलवाला."

मला वाटलं, गुरुजी भांडणार. ते गोड हसून म्हणाले, "अण्णा, अख्खं कव्हर तुमचं!"

दिवाळी सरली तरी पुस्तकं आली नव्हती. गुरुजी तीनदा एसटीनं छापखान्यात जाऊन आले. जेवण टाकलं. पेटी उघडली नाही, ते मात्र गावाला बरं वाटलं. वाडीत बोचकी बांधून झाली तेव्हा गठ्ठे आले. त्याच दुपारी शाळेत प्रकाशन झालं. अण्णांनी आपला फोटो सगळ्यांना दाखवला, अर्धा तास भाषण केलं आणि गाडीत बसून गेले. गाडी वळणाआड गेली तशी गुरुजी म्हणाले, "काकी, कव्हरं काढा." वरचं चकचकीत कव्हर नुसतं गुंडाळलेलं होतं. खाली साधा पुठ्ठा आणि त्यावर वाडीतल्या पोरीनं काढलेला खेकडा. अण्णा मी चुलीत घातले. चांगले पेटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. भांडी, कोंबड्या, म्हातारी, सगळं वर चढलं. गुरुजींनी पोरांना एकेक पुस्तक दिलं. वर्गात तोंड न उघडणारी पोरं बोचक्यांवर बसून मोठ्यानं वाचायला लागली. एवढं झाल्यावर माणसानं घरी यावं की नाही? गुरुजी एक पुस्तक घेऊन ट्रकच्या मागच्या बाजूला गेले. तिथं सुकरी मूल घेऊन बसली होती. लग्न होऊन या वाडीत आलेली, माहेर सापगावकडचं.

"सुकरी," गुरुजी म्हणाले, "सापगावच्या बाजूच्या शाळेत तू माझ्या वर्गात होतीस. कविता म्हण म्हटलं, तू बोलली नाहीस. मी छडीनं मारलं. दुसऱ्या दिवसापासून तू शाळेत आली नाहीस."

सुकरी त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तवाचे गुरुजी तुमी काय? मारलेलं आटवत नाय ओ. भाऊ झालावता, त्याला सांभाळाय घरी ऱ्हायले."

माफी मागायला आलेल्या माणसानं यावर जायचं कुठं? गुरुजींनी हातातलं पुस्तक तिच्यापुढं धरलं.

सुकरीनं पुस्तक उलटंपालटं केलं आणि परत त्यांच्या हातात दिलं. "मना वाचाय येत नाय. तुमीच वाचा की."

गुरुजी वाचू लागले. दोन ओळी झाल्या नाहीत तोच ती पोट धरून हसली. "आमी असं नाय बोलत!" तिनं नीट म्हणून दाखवलं. गुरुजींनी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. तिनं पुन्हा सांगितलं. सगळा ट्रक हसत होता आणि गुरुजी फळीला धरून, डोळे पुशीत, ती सांगेल तसं म्हणत होते.

ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. "ओ गुरुजी, सोडा फळी, टाइम झाला!"

सुकरी तिथूनच ओरडली, "दम धर रे जरा. त्यांना अजून येत नाय."