झोपा, पावणं!

दत्तू मिस्त्रीच्या गॅरेजात गाडीच्या आधी मालक आडवा होतो.

पुढचं चाक जॅकवर चढलं, की मिस्त्री जमिनीवर एक पुठ्ठा टाकतो आणि म्हणतो, "झोपा, पावणं." अंगात इस्त्रीचा शर्ट असो नाहीतर वकिलाचा काळा कोट, सुटका नाही. वर तो चाक धरून हलवणार आणि आपण खालून झिजलेल्या जॉइंटला बोट लावून "हलतंय" असं सांगायचं. तेही मोठ्यानं.

एका प्राध्यापकांनी कारण विचारलं. "तुमी खुर्चीत बसून च्या पिनार, मी खालनं 'गेलंय, गेलंय' म्हननार. मग तुमी भाईर जाऊन म्हननार, दत्तू फसवतोय. त्यापरास झोपा की!"

माझी कोल्हापुरात छोटी रोपवाटिका आहे आणि सोळा वर्षांची पिकअप. ऐन हंगामात तिचं स्टिअरिंग थरथरायला लागलं, पुढून खडखड यायला लागली. महिनाभर मी गाणी मोठ्यानं लावून ती खडखड झाकली. लिहितानाही लाज वाटते.

शेवटी एकदाचा पुठ्ठ्यावर झोपलो. डोळ्यांत माती पडली.

"हलतंय!" मी ओरडलो.

"कवापास्नं?"

"कालपासून."

"काल? येवडा बॉल जॉइंट एका दिसात खायाला काय उंदरं लागलीत?"

मी म्हटलं, डावीकडचा तेवढा बदला. "एक पाय नव्या चपलेत, एक जुन्या. चालता का तसं?" म्हणून त्यानं उजवी बाजूही खोलली. मग आर्मचे रबरी बुशही झिजलेले निघाले. चार दिवस गेले. फोन तो उचलत नाही. गेलो, की चहा पाजतो आणि पुन्हा गाडीखाली शिरतो.

"मिस्त्री, गगनबावड्याला काजूची रोपं पोचवायची आहेत हो!"

"थांबत्यात की. रोपांस्नी काय पाय हाईत?"

चौथ्या संध्याकाळी दोन्ही चाकं बसली. मी किल्लीसाठी हात पुढं केला. हात पुसत तो सहज म्हणाला, "मागं हौद्यात कोन बसतंय?"

"रोपं."

त्यानं हौद्यात डोकावून पाहिलं. कडेला तीन पोती चौघडी करून ठेवलेली होती.

"रोपांस्नी बुडाखाली पोती लागत्यात व्हय?"

लागवडीला येणाऱ्या तीन बायका त्यावर बसतात. महिनाभर त्याच डुलणाऱ्या चाकावर मी त्यांना घाटाच्या रस्त्यानं नेत होतो. मला आवाज ऐकू येत होता, त्यांना ठाऊकही नव्हतं.

मिस्त्रीनं पुन्हा जॅक लावला आणि बसवलेलं चाक काढायला घेतलं. माझा तोल सुटला.

"अहो, झालेलं काम परत कशाला?"

"ते रोपांसाठी झालतं."

आणखी एक दिवस गेला. त्यानंतरच्या सकाळी गाडी मिळाली. रोपं भरून, बायकांना घेऊन निघणार, तोच फाटकात मिस्त्री हजर. धुतलेला सदरा, विंचरलेले केस. मला वाटलं, आता रस्त्यात झोपवणार! पण तो सरळ मागं चढला आणि बायकांशेजारी बसला.

"म्होरं बसून कळत न्हाय," एवढंच म्हणाला.

सत्तरीचा माणूस. गॅरेजमागच्या खोलीत एकटाच राहतो. मी अधूनमधून आरशात बघत होतो. पहिल्या वळणांना त्याचा तळहात हौद्याच्या तळाला चिकटलेला होता, डोळे मिटलेले. पुढं कधीतरी तो हात उचलला गेला. तिघींतल्या शेवंताक्कांनी भाकरीवर मिरचीचा खरडा घालून त्याच्यापुढं धरला होता. मग तो काहीतरी सांगत होता आणि तिघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मिस्त्रीही हसला; त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

रोपं उतरवून परत निघताना मी दार उघडून धरलं.

"मिस्त्री, काम चोख झालंय. आता तरी पुढं बसा. हाडं खिळखिळी होतील."

"नगं," तो वर चढत म्हणाला. "हितं बोलायला मानसं हाईत."

कोल्हापूर येईपर्यंत मी गाडी तीसच्या वर नेली नाही.