चारशे बारा नंबरच्या डिस्कची सुनावणी

साताऱ्याजवळच्या एका डेटा सेंटरमधल्या बाराशे हार्ड डिस्कनी, आम्हाला काढून एसएसडी, म्हणजे न फिरणाऱ्या चिपच्या डिस्क, बसवण्याआधी आमचं म्हणणं ऐकून घ्यावं, असा लेखी अर्ज केला. अर्ज ठरलेल्या नमुन्यात होता, त्यामुळे तो स्वीकारावा लागला.

चाळीस दवाखान्यांचे एक्स-रे आणि स्कॅन या सेंटरमध्ये ठेवलेले असतात. ते कशावर ठेवायचे, हे मुख्य अभियंता वैजयंती खटावकर ठरवतात. त्यांनी सोमवारी अकरा वाजता दोन्ही पक्षांना केबिनमध्ये बोलावलं. हार्ड डिस्कतर्फे चारशे बारा नंबरची आली, एसएसडीतर्फे एक कोरी.

"तुमचं म्हणणं..." खटावकर बाईंनी सुरुवात केली.

"मी वेगवान आहे, वीज कमी खाते, आवाज करत नाही," एसएसडीने सांगून टाकलं.

चारशे बाराला फिरायला लागायलाच वेळ लागला. तेवढ्यात बाईंचा चहा पिऊन झाला. "हिच्या एकीच्या किमतीत आम्ही पाच जणी येतो, मॅडम. शिवाय सारखं लिहून-पुसून ही झिजते."

"झिजते," एसएसडीने कबूल केलं.

इतक्यात कराडहून सर्जन डॉ. मुजावर यांचा फोन आला. "मॅडम, पेशंट टेबलावर आहे. तिचा बारा वर्षांपूर्वीचा मेंदूचा स्कॅन उघडत नाहीये!"

प्रत्येक फाइल तीन डिस्कवर असते. या फाइलची एक डिस्क आदल्या दिवशी गेली होती, दुसरी दुरुस्तीत होती आणि तिसरी बाईंसमोर खुर्चीवर होती.

"सुनावणी राहू द्या," चारशे बारा म्हणाली. "मला जागेवर लावा."

बाई तिला दोन्ही हातांत धरून पळाल्या. रॅकमध्ये बसताच ती करकरली, अडखळली. बाईंनी फोन पुन्हा कानाला लावला. मिनिटभराने डॉक्टर म्हणाले, "आला!"

दुपारी निकाल लागला : रोज लागणारं एसएसडीवर, जुनं हार्ड डिस्कवर. कुणीही हरकत घेतली नाही.

"पेशंट कशी आहे?" चारशे बाराने विचारलं.

बाईंनी फोन लावला. "शुद्धीवर आलीय. आता महिनाभर रोज तपासणी."

"मग तो स्कॅन जुन्यात धरू नका. या एसएसडीकडे द्या."

द्यायला तिला बराच वेळ लागला. एसएसडी तोवर थांबली.