झिपरी रोपाच्या टपालस्वारीची बखर

श्रीजलदेवता, श्रीमत्स्यदेवता आणि टपालाची जी कोणी देवता असेल ती, तिघी प्रसन्न असोत. शके सोळाशें अठ्ठ्याऐंशीं, व्यय नाम संवत्सर, श्रावणमासीं एके राज्यीं (नांव पुसूं नये, सीमेचा तंटा चालू आहे) ऐसें वर्तमान जाहलें कीं, राणी दर्याबाईसाहेब यांची एकुलती लेक गजराबाई नदीपलीकडील राज्यीं दिली होती आणि तिजसवें आंदण म्हणोन एक सोनेरी मासळी दिली होती. मग मासळी सासरचे हौदीं सोडिली, तों हौद बोडका, आंत लपावयास पान नाहीं, म्हणोन मासळीनें कोपरा धरिला आणि अन्न वर्जिलें. तेव्हां गजराबाईनें माहेरचे तळ्यांतील झिपरी मागविली. झिपरी म्हणजे पाण्याखालीं केस मोकळे सोडोन डोलणारें रोप. परंतु सासू तुळजाबाईसाहेब बोलिल्या, "तुमच्या माहेरचं इथल्या पाण्यात काही जगत नाही, सूनबाई. दिवाळीपर्यंत बघते. मग हौद बुजवून वर लोणच्याच्या बरण्या मांडीन, आणि मासळी जाईल माघारी."

हें ऐकोन दर्याबाईसाहेबांचे हातींचा विडा गळाला. आज मासळी माघारी, उद्यां कोण? मग हौदनवीस भिकाजीपंत यांस पाचारिलें. हौदाचा कारभार पंतांकडे असे आणि हौदांत एकदां पडलेही होते, म्हणोन अधिकार मोठा. पंत बोलिले, "पाण्यातलं रोप पाण्यातूनच जाणार. यात विचार कसला, बाईसाहेब?" आणि मडकें काठोकाठ भरोन, आंत झिपरी घालोन, तोंड लिंपोन टपालीं दिलें. मग घोडा दौडे आणि मडकें डचमळे आणि ऊन पाणी तापवी आणि झिपरी आंत घुसळे. यथावकाश विहीणबाईंचें उत्तर आलें : "पालेभाजी पावली. मीठ कमी होतें."

दरबारीं कोणी हंसलें नाहीं. बाहेर जाऊन हंसले.

मग बाईसाहेबांस स्मरलें कीं, तळें उपसतांना झिपरी ओल्या फडक्यांत दिवसभर पडोन राहे आणि तरी टवटवीत निघे. "हिला बुडायला पाणी नको पंत, ओल पुरे." ऐसें म्हणोन स्वहस्तें रोप धुतलें, गोगलगायी वेंचिल्या, मुळांस ओलें फडकें गुंडाळिलें, मेणकापडाचे पिशवींत घातलें आणि म्हणाल्या, "पंत, फुंका." पंतांनीं गाल फुगवोन पिशवी फुगविली, आणि त्या सालांतील पंतांची हीच थोर सेवा होय. मग पेटी, पेटींत पेंढा, आणि वरती पंतांनीं सुंदर अक्षरीं लिहिलें : "आंत जीव आहे."

येथें घात जाहला. पहिले चौकीवर शिपाई बोलिला, "आत जीव आहे म्हणतात. उपाशी कसा पाठवायचा?" आणि पेटी उघडोन दहीभात वाढिला. दुसरे चौकीवर जीव सासरीं निघाला ऐसें कळतां ओटी भरिली. तिसरे चौकीवर अमावास्या होती, सबब जीवास प्रस्थान करूं दिलें नाहीं, आणि दमला असेल म्हणोन उन्हांत बाज टाकोन तीवर निजविला. विहीणबाईंचें उत्तर आलें : "दहीभात पावला. नारळ खवट. या खेपेस भाजी नव्हती."

तेव्हां दर्याबाईसाहेब महालीं जाऊन कोपरा धरोन बसल्या आणि मासळीप्रमाणें अन्न वर्जिलें. दसरा सरला होता. तिसरी पेटी सिद्ध जाहली आणि पंत दाराआडोन बोलिले, "बाईसाहेब, या खेपेस वर काय लिहू?"

"लिहा, विहीणबाईंचा रुसवा!" आंतून कडाडल्या.

पंत हुकमाचे बंदे. तैसेंच लिहिलें.

मग काय सांगावें! पहिले चौकीवर पुसलें, "काय आणलंस रे?" जासूद बोलिला, "विहिणीचा रुसवा." "माझ्या चौकीत ठेवू नकोस! ने पुढे, ने!" आणि ताजा घोडा न मागतां मिळाला. पेटी उघडणें दूर, तीजकडे कोणी डोळा वर करोन पाहीना. नावाड्यानें एवढ्या एका पेटीसाठीं नाव सोडिली आणि नावेचें भाडें घेतलें नाहीं. निखारा ओंजळींत धरावा तैसी पेटी हातोहात पुढें गेली आणि तिसरे दिवशीं विहिणीचे दारीं पोंचली.

तुळजाबाईसाहेबांनीं नथ घातली, पदर खोंचिला आणि लढाईचे तयारीनें झांकण काढिलें, तों आंत हिरवीगार झिपरी. हौदीं लाविली. परंतु चौथे दिवशीं पानें विरघळलीं. सासूबाई बोलिल्या, "बघ. म्हटलं नव्हतं? आणा रे कुदळ."

गजराबाई लुगडें सांवरोन हौदांत उतरली. "सासूबाई, मूळ हाताला घट्ट लागतंय. नवं पाणी मिळालं की आधी जुनी पानं जातात. थोडं थांबा ना."

तुळजाबाईसाहेबांनीं काठावरोन हात घालोन मूळ चांचपिलें. मग हळूच बोलिल्या, "मी इथं आले तेव्हा पहिलं वर्षभर माझे केस गळले." आणि कुदळ माघारी धाडिली.

धनत्रयोदशीस दर्याबाईसाहेबांस पत्र आलें : "रुसवा पावला. मूळ धरिलें, नवीं पानें आलीं. मासळी आंत शिरली ती जेवावयासच बाहेर येते. माडीखालचा हौदही रिकामा आहे, तरी आणखी दोन रुसवे धाडावे." बाईसाहेबांनीं पत्र दोनदां वाचिलें, चार करंज्या लागोपाठ खाल्ल्या, आणि बोलिल्या, "पंत, फुंका."

सारांश : रोपास पाणी थोडें, वारा पुष्कळ द्यावा, पान गेलें तरी मूळ टाकूं नये, आणि पेटीवर ऐसें लिहावें कीं ती धरोन बसावयाची कोणाची छाती होऊं नये. इति.