एकमताने ताजं

जूचंद्रच्या ‘शुभमंगल’ सोसायटीच्या वार्षिक स्नेहभोजनासाठी सेक्रेटरी श्रीरंगराव सुर्वे यांनी गोठवलेलं चिकन स्वस्तात उचललं आणि घरच्या फ्रीजरात कोंबलं. उन्हाळा २००५चा होता. भारनियमनाला या समारंभाची पूर्वसूचना देण्यात आली नव्हती. वीज गेली की चिकन वितळे. आली की पुन्हा दगड होई.

शेवटी त्याला वास सुटला.

“अहो, फेका ते,” पत्नी आशालता म्हणाली. “एकदा वितळलेलं पुन्हा गोठवून खातात का?”

“सोसायटीची मालमत्ता आहे. परस्पर फेकता येत नाही.”

तातडीची सभा भरली. सदस्यांनी नाकाला रुमाल लावून पाकिटावरची तारीख वाचली. मुदत बक्कळ शिल्लक होती.

“तारीख असताना वास येतोच कसा?” अध्यक्ष जितेश कदम कडाडले. वासाला कायद्याचा आधार निघेना. चिकन ताजं असल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

भोजनाच्या दिवशी मात्र जितेशरावांची संकष्टी निघाली. अनुमोदकांना डॉक्टरांनी पथ्य सांगितलं होतं. उरलेले पुरी-कोशिंबिरीवर तुटून पडले.

“सेक्रेटरी, सुरुवात तुम्ही करा!”

“नको हो,” आशालता कुजबुजली. ताट बाजूला सारावं, असं श्रीरंगरावांनाही वाटलं. पण सगळे बघत होते आणि ठरावाखाली सही त्यांची होती. ते जेवले. वर “झकास!” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्यांना सलाईन लागलं. गिरीजची केळी घेऊन कमिटी भेटायला आली.

“बाहेरचं काही खाल्लंत का?” जितेशरावांनी मायेनं विचारलं. “कारण चिकनचा तर ठराव झालाय.”

श्रीरंगरावांनी छताकडे पाहिलं. “गेटवरची भेळ,” ते हळूच म्हणाले.

तक्रारअर्जावर घराघरांतून सह्या झाल्या आणि गेटवरच्या सुरजची भेळेची गाडी उचलली गेली.

श्रीरंगराव घरी परतले, तेव्हा सुरज गेटपाशीच उभा होता. “साहेब, माझी भेळ तुम्ही कधी खाल्लीत?”

ते मान खाली घालून जिना चढले. दार उघडणाऱ्या आशालताला त्यांनी विचारलं, “तूही सही केलीस?”

“केली. राहायचंय ना इथे?”

सही नाकारणारं त्या सोसायटीत कुणीच निघालं नाही. तुमच्या सोसायटीत असेल एखादा. त्याचं नाव राहू द्या. त्याच्याविरुद्धच्या अर्जावर तुमची सही कितवी होती, तेवढं आठवा.