डेलियावरची गोधडी

निवृत्त हेडमास्तर उकंडराव दिवाळी आटोपताच विळा घेऊन अंगणात उतरले आणि कळ्यांनी लगडलेली डेलियाची झाडं सपासप जमिनीबरोबर कापू लागले.

"अवो, कळ्या आल्या ना त्याले! काऊन कापून राह्यले?" सत्यभामाबाई पिठाच्या हातांनीच धावल्या.

"हिवाळ्यात कंद जमिनीतच झोपवायचे असतात. वर जाड पांघरूण. फोनवरच्या व्हिडिओतला गोरा माणूस चाळीस वर्षं हेच करतो."

कुंपणापलीकडे शेजारचा बशीर टेलर हसला. "सर, त्याच्या गावात बर्फ पडते. आपल्या मलकापुरात बर्फ फकत रसवंतीत दिसते."

पण उकंडरावांनी जन्मभर पोरांना फळ्यावरचं खरं मानायला लावलं होतं. आता फळ्याची जागा फोनने घेतली, एवढंच. परसबाग स्पर्धेत दोन वर्षं पहिला नंबर थोडक्यात हुकला होता. यंदा तो हवाच होता. आपल्याकडे डेलिया हिवाळ्यातच फुलतो आणि परीक्षकही तेव्हाच येतात, हे त्या गोऱ्याला कुठून ठाऊक असणार? वाफ्यावर गुडघाभर कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, पडलं, त्यावर सत्यभामाबाईंची नवी गोधडी.

गल्लीत इतकी उबदार गादी दुसरी नव्हती. आठवडाभरात काळी कुत्री तिथे व्याली. पाच पिल्लं!

उकंडराव काठी घेऊन निघाले, तर दारात बशीरची बायको बानो शिऱ्याचं पातेलं घेऊन हजर. कुत्री व्याली की गल्लीने तिला शिरा घालायचा, हा रिवाज. मागे आणखी चार जणी वाट्या घेऊन.

"खाली माझे कंद आहेत!"

"राहू द्या ना मंग," सत्यभामाबाई म्हणाल्या. "बाळंतिनीचं अंथरून कोनी वढते का?"

बायका रोज पाण्याचं घमेलं भरत, पिल्लं रोज ते वाफ्यात सांडत.

जानेवारीत परीक्षक आले, भर दुपारी, रुमालाने मान पुसत.

"सर, डेलिया कुठी हाये?"

"गोधडीखाली. थंडीपासून जपलाय."

परीक्षकांनी गोधडी उचलली. पिल्लं पायांत आली. उकंडरावांनी घाईघाईने माती उकरली, तर हाताला नुसता कुजका लगदा लागला. त्यांना फक्त रडू कोसळायचं बाकी राहिलं.

बक्षीस समारंभात पहिलं बक्षीस बशीरच्या झेंडूला गेलं. पण सरांना रिकाम्या हाताने परत धाडणं स्पर्धेच्या समितीच्या जिवावर आलं. तिने तिथल्या तिथे 'प्राणिमित्र' विभाग काढला आणि त्यात त्यांना पहिला नंबर दिला. स्पर्धक एकच होता.

घरी येऊन सत्यभामाबाईंनी प्रमाणपत्र भिंतीला लावलं.

"डेलियानं दोन वर्सं दुसराच नंबर आनला," त्या म्हणाल्या. "कुत्री पाहा, पह्यल्याच वर्सी पह्यली आली!"